शिपाई, वेडा आणि रुग्णालयाचे दार

'ठाणे' हा शब्द मराठीत मोठा विलक्षण आहे. पोलिसांची कचेरी तेही ठाणे, आणि १९०१ सालापासून जेथे मनोरुग्णांचे इस्पितळ उभे आहे ते शहरही ठाणे. 'ह्याला ठाण्याला पाठवा' असे कोणी म्हटले तर कोणते ठाणे अभिप्रेत आहे हे बोलणाराच्या डोळ्यांतील हसण्यावरून ओळखावे लागते. पुण्याकडे हेच काम 'येरवडा' ह्या नावाने होते. तेथे तर मोठे कारागृह आणि मोठे मनोरुग्णालय ही दोन्ही एकाच नावाखाली सुखाने नांदत आहेत. भाषा पुष्कळदा जे सत्य बोलण्याचे धाडस माणसांना होत नाही ते थट्टेच्या आडून बोलून जाते. ज्याचे चित्त ठिकाणावर नाही त्याची व्यवस्था तुरुंग आणि दवाखाना ह्यांच्या दरम्यान कोठे तरी करावयाची, आणि तेथवर त्याला शिपायाने दंडाला धरून न्यावयाचे, ही समजूत केवळ आमचीच नव्हे. ती पुष्कळ देशांची आणि पुष्कळ शतकांची आहे.

प्रस्तुत विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक जुनी आठवण कारण झाली. आम्ही शाळेत आठवीत होतो. वाड्याच्या मागील चौकात एक आड होता. शेजारच्या बिऱ्हाडातील विशी-बाविशीचा एक तरुण, नोकरी सुटल्यापासून काही महिने घुम्यासारखा बसून असे. आषाढातील एका रात्री तो कोयता घेऊन त्या आडाच्या कठड्यावर जाऊन बसला. आतून आपल्याला कोणी हाका मारीत आहे, असे त्याचे म्हणणे. त्याची आई ऊर बडवून घेत होती; पुरुषमंडळी कंदील धरून दूर उभी होती. कोणी तरी चौकीवर वर्दी दिली. दोन पोलीस आले. त्यांतील तरण्याने आल्या आल्या फरशीवर काठी आपटून 'उतर खाली, नाही तर फोडून काढीन' असा दम भरला, त्याबरोबर तो पोरगा कठड्यावर उभा राहिला. मग म्हाताऱ्या हवालदाराने आपल्या सोबत्याच्या हातातील काठी काढून घेतली, स्वत:ची टोपी काढून बाजूस ठेवली, आणि धुण्याच्या दगडावर फतकल मारून तो म्हणाला, "बाळा, मला काय ऐकू येईना बग. आतनं काय म्हनतंय ते तूच सांग." तासाभराने कोयता हवालदाराच्या हातात होता आणि तो तरुण आमच्या आजीने केलेला चहा पीत होता. ह्यापुढेही काही घडले. ते यथावकाश सांगू.

त्या हवालदारास हे कोणी शिकविले होते? कोणीच नव्हे. मग ते दुसऱ्या कोणास शिकविता येईल काय? तीस वर्षे अध्यापनात घालविलेल्या माणसाने शिकविण्याने मनुष्य बदलतो असे म्हणावयास हवे. परंतु खरे सांगावयाचे तर ही आमची श्रद्धा दर वर्षी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर थोडी क्षीण होते. म्हणूनच अमेरिकेतील एका शहराने पोलिसांना नेमके हेच शिकविण्याचा जो उद्योग आरंभिला, त्याचा इतिहास आम्ही कुतूहलाने आणि काहीशा अविश्वासाने वाचला. तो इतिहास वाचकांपुढे ठेवण्याजोगा आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वेड्याचा आणि शिपायाचा संबंध अलीकडचा नाही. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या आरंभी, १७१४ च्या कायद्याने, अनावर झालेल्या वेड्याला कोंडून ठेवण्याचा अधिकार दोन न्यायाधिकाऱ्यांना मिळाला. आणि हा कायदा भटक्यांसंबंधीचा होता, रोग्यांसंबंधीचा नव्हता. तीच परंपरा कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या गलबतांतून आमच्याकडे आली. १८५८ च्या कायद्याने, आणि त्यानंतर १९१२ च्या कायद्याने, आपल्या हद्दीत भटकणारा मनुष्य वेडा आहे असे वाटल्यास त्यास पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचे काम ठाण्याच्या अंमलदाराकडे आले. ह्या कायद्यात डॉक्टर मागाहून येतो. अगोदर शिपाई, मग मॅजिस्ट्रेट, मग डॉक्टर. ज्याचा काही अपराध नाही अशा माणसाला जिचे पहिले पाऊल अटकेचे आहे अशा वाटेने रुग्णालयापर्यंत न्यावयाचे, ह्यातील विसंगती त्या काळी कोणास फारशी खटकली असल्याचे दिसत नाही. आणि ते पाऊल अनेकदा तेथेच थांबे. कोणताही गुन्हा न केलेले मनोरुग्ण केवळ जागेच्या अभावी तुरुंगात ठेवले जात. ही वहिवाट घटनाबाह्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगावयास १९९३ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले ते शीला बर्से ह्या मुंबईच्या एका पत्रकार बाईंनी.

अमेरिकेत गोष्ट निराळ्या वळणाने गेली. तेथे संस्थानांची मनोरुग्णालये म्हणजे लहानसहान नगरेच होती. १९५५ साली त्यांतून सुमारे ५,५८,००० माणसे राहत होती. त्यांतील कित्येकांचे जिणे बंदिवानांहून बरे नव्हते, ह्याविषयी दुमत नाही. १९५४ पासून क्लोरप्रोमाझीन हे औषध तेथे मिळू लागले आणि ज्यांना साखळीवाचून ठेवता येत नसे ती माणसे शांत होऊन घरी जाऊ शकतील अशी आशा उत्पन्न झाली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी ह्यांनी एका कायद्यावर सही केली. ह्या कायद्यामागील कल्पना अशी की, मोठी रुग्णालये हळूहळू रिकामी करावयाची आणि त्यांच्या जागी गावोगावी, रोग्याच्या घराजवळ, लहान केंद्रे काढावयाची. पुढे महिन्याच्या आतच केनेडींचा खून झाला. पंधराशे केंद्रांचा संकल्प होता. त्यांपैकी निम्म्याच्या आसपासच उभी राहिली. रुग्णालये मात्र ठरल्याप्रमाणे रिकामी झाली. १९९४ मध्ये त्यांतील रहिवाशांची संख्या ७२,००० च्या आत आली होती. एक घर मोडून दुसरे बांधावयाचे ठरले असता मोडण्याचे काम वेळेवर व्हावे आणि बांधण्याचे राहून जावे, असा हा प्रकार.

मोडलेल्या घरातील माणसे रस्त्यावर आली, आणि रस्ता हा पोलिसांचा प्रांत. रात्री दोन वाजता ज्याच्या दाराशी जाता येते असा सरकारी मनुष्य एकच, तो म्हणजे शिपाई. एगॉन बिट्नर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली ह्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो पोलिसांच्या गस्तीबरोबर हिंडला होता. त्याला असे दिसले की, मनोरुग्णाला रुग्णालयात नेण्याचे पोलीस होईल तितके टाळतात. कारण तेथे तासन् तास तिष्ठत बसावे लागते आणि शेवटी डॉक्टर 'ह्यास दाखल करण्याचे कारण नाही' म्हणून परत पाठवितो. परंतु त्याला आणखीही एक दिसले, आणि ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. आपल्या आळीतली माणसे ओळखणारे जुने शिपाई अशा रोग्याशी बोलून, त्याच्या बहिणीला वा खाणावळवाल्याला गाठून, रात्र पार पाडीत. ह्यास बिट्नरने मनाचा प्रथमोपचार असे नाव दिले. आमचा हवालदार हाच उपचार करीत होता.

ज्यांना हा प्रथमोपचार साधत नसे त्यांच्यापाशी दुसरा मार्ग होता, तो म्हणजे किरकोळ गुन्हा लावून अटक करणे. ह्यात क्रौर्य असेच असे नाही. थंडीच्या रात्री रुग्णालय घेत नाही, धर्मशाळा घेत नाही. कोठडी तेवढी नाही म्हणत नाही, तेथे निदान ऊब आणि पाव मिळतो, म्हणून दयेपोटी अटक करणारे शिपाई होते. लिंडा टेप्लिन ह्या विदुषीने शिकागो शहरात पोलिसांसमवेत प्रत्यक्ष हिंडून केलेले निरीक्षण १९८४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांवर गुन्ह्याचा संशय होता अशांपैकी ज्यांत मनोविकाराची चिन्हे दिसत होती त्यांतील शेकडा ४७ जणांना अटक झाली. बाकीच्यांत हे प्रमाण शेकडा २८ होते. दया असो की त्रागा असो, परिणाम एकच.

पोलिसांना ह्या बाबतीत शिक्षण द्यावे ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९५४ मध्येच तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने पोलिसांसाठी एक लहानसे पुस्तक काढले होते. लेखक मॅथ्यूज आणि रोलंड. पुस्तकाच्या नावात 'अस्वाभाविक माणसे ओळखावी कशी व हाताळावी कशी' असा भाव होता. त्यातील 'हाताळणे' हा शब्दच त्या काळाची दृष्टी सांगतो. पुढे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या पश्चिम हार्लेम भागात मॉर्टन बार्ड ह्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने अठरा शिपायांना घरगुती भांडणे शमविण्याचे १६० तासांचे शिक्षण दिले. त्याने काळे व गोरे शिपाई जोडीने पाठविले आणि भांडणाऱ्या नवराबायकोंपैकी एकेकाशी एकेकाने बोलावे अशी युक्ती शिकविली. प्रयोग उत्तम चालला, त्याचे कौतुक झाले, आणि मुदत सरल्यावर तो संपला. चांगल्या प्रयोगांचे हे प्रारब्ध प्राध्यापकवर्गास नवीन नाही. १९७३ पासून त्याच शहराच्या पोलीस खात्यात हार्वी श्लॉसबर्ग ह्या मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेल्या डिटेक्टिव्हाने ओलिसांच्या प्रसंगी वाटाघाटी करण्याची पद्धत बसविली. तिचे सार एवढेच की, घाई करू नका. घटका जितक्या अधिक जातील तितका माणूस निवतो.

तथापि बँकेत बंदूक घेऊन शिरलेल्या दरोडेखोरास जो वेळ मिळू लागला तो एका म्हातारीला मिळाला नाही. २९ ऑक्टोबर १९८४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सहासष्ट वर्षांच्या एका कृष्णवर्णी वृद्धेला थकलेल्या भाड्यासाठी घराबाहेर काढावयाचे होते. महिन्याचे भाडे शंभर डॉलरांच्या आतले, आणि थकलेले महिने मोजके. ती भ्रमिष्ट झाली आहे व तिला रुग्णालयात नेणे जरूर आहे, असे मत काही दिवसांपूर्वीच एका डॉक्टराने तिला पाहून दिले होते. परंतु अगोदर घर खाली करून घ्यावे व मग रुग्णालयाचे पाहावे, असा क्रम कचेरीने ठरविला. कुलूप फोडून पोलीस आत शिरले. तिच्या हातात स्वयंपाकाची सुरी होती. बंदुकीच्या दोन गोळ्यांनी ती मेली. गोळी झाडणाऱ्या पोलिसावर खटला झाला आणि १९८७ साली तो निर्दोष सुटला. खात्याने आपले नियम बदलले.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९८७ रोजी, टेनेसी संस्थानातील मेम्फिस शहरात जे घडले ते ह्या इतिहासाचा मध्यबिंदू आहे. मेम्फिस हे मिसिसिपी नदीवरील जुने कापसाचे पेठगाव. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या येथेच झाली, आणि काळ्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास तेव्हापासून उरला नव्हता, पूर्वी होता असेही नाही. गरिबांच्या एका सरकारी वसाहतीत सत्तावीस वर्षांचा एक कृष्णवर्णी तरुण आपल्या आईच्या घराबाहेर सुरीने स्वत:च्याच अंगावर वार करीत होता व जीव देण्याच्या गोष्टी बोलत होता. त्याला मनाचा आजार होता, व्यसनही होते. आईने मदतीसाठी पोलिसांना फोन केला. गोरे पोलीस आले. सुरी टाकण्याचा त्यांनी ओरडून हुकूम केला. तो अधिकच बिथरून त्यांच्या रोखाने धावला, आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. आईने ज्याला वाचविण्यासाठी बोलावले त्यांच्याच हातून तो मेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. ते पोलीस अशिक्षित नव्हते. शस्त्र घेऊन अंगावर येणाऱ्या माणसासमोर काय करावयाचे ह्याचे त्यांना पक्के शिक्षण होते आणि त्या शिक्षणाप्रमाणेच ते वागले. मोठ्याने हुकूम द्यावा, अंतर राखावे, हुकूम मोडल्यास बळ वाढवावे, हा धडा भानावर असलेल्या गुन्हेगारासाठी रचलेला होता. ज्याच्या कानांत दुसरेच आवाज घुमत आहेत त्याला हुकूम ऐकू येत नाही, किंवा आला तर तोही शत्रूचाच एक आवाज होतो. म्हणजे दोष शिक्षणाच्या अभावाचा नव्हता. एकाच माणसासाठी असलेले शिक्षण सगळ्यांना लावण्याचा होता.

शहरात क्षोभ झाला. मेयर डिक हॅकेट ह्यांनी एक मंडळ नेमले. अशी मंडळे अहवाल लिहून विसर्जित होतात हा सार्वत्रिक अनुभव. हे मंडळ निराळे निघाले, कारण त्यात मनोरुग्णांचे नातेवाईक बसले होते. पोलीस खात्याच्या वतीने सॅम कॉक्रन हे लेफ्टनंट आणि विश्वविद्यालयाच्या वतीने रँडॉल्फ डुपाँट हे मानसशास्त्रज्ञ पुढे झाले. १९८८ साली 'क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम' नावाची तुकडी उभी राहिली; संकटकाळी मध्ये पडणारी, असा त्याचा अर्थ.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. वेगळे पथक, वेगळी कचेरी असे काही नाही. नेहमीच्या गस्तीवरील शिपायांपैकी जे आपण होऊन पुढे येतील त्यांतून निवड करावयाची, त्यांना ४० तासांचे, म्हणजे एका आठवड्याचे शिक्षण द्यावयाचे, आणि पुन्हा गस्तीवर पाठवावयाचे. त्यांच्या गणवेशावर एक लहानसे पदक असे. फोन घेणाऱ्यांनाही शिकविले होते, की मनोरुग्णासंबंधीचा निरोप आला तर अशाच शिपायास पाठवावे, आणि घटनास्थळी सूत्रे त्याच्याच हाती असावीत. शिकविणारे गावातलेच डॉक्टर, समाजसेवक, नातेवाईक व स्वत: रोगी, शहराला त्यांचा खर्च पडला नाही. त्या आठवड्यात रोगांची व औषधांची माहिती तर होतीच; परंतु शिपायांना रोग्यांच्या मुक्कामी नेऊन, त्यांचे चित्त स्वस्थ असताना त्यांच्याशी गप्पा मारावयास बसवीत. ज्याला आजवर केवळ ओरडताना पाहिले तो मनुष्य चहा पिताना, थट्टा करताना पाहणे, हा आमच्या मते सबंध अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा तास. उरलेला वेळ सोंगे वठविण्यात जाई: एकाने रोगी व्हावयाचे, दुसऱ्याने शिपाई, आणि नाव सांगणे, आवाज खाली आणणे, एका वेळी एकानेच बोलणे, हात दिसतील असे ठेवणे, आणि थांबणे ह्यांचा सराव करावयाचा. पोलिसास थांबावयास शिकविणे हे दिसते तितके सोपे नव्हे. त्याचा सारा धंदा त्वरेचा.

इतके वाचून आमचा अविश्वास निम्मा उरला होता. तो पुरता गेला तो पुढील कलमाने. शहरातील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाशी असा करार झाला की, पोलिसाने आणलेला मनोरुग्ण परत पाठवावयाचा नाही. दारूच्या नशेत आहे, पैसे नाहीत, पूर्वी चार वेळा आला होता, खाट रिकामी नाही, ह्यांतील एकही सबब चालणार नाही. शिपायाने रोगी स्वाधीन करावा आणि थोडक्या मिनिटांत आपल्या गस्तीवर परत जावे. बिट्नरने १९६७ साली ज्या दाराबाहेर शिपायांना ताटकळत बसलेले पाहिले ते दार मेम्फिसने उघडले. कोठडीपेक्षा रुग्णालय नेण्यास सोपे झाले, आणि शिपाईही अखेर माणूसच असल्यामुळे तो सोप्या वाटेने जाऊ लागला.

२००० साली हेन्री स्टेडमन व त्याच्या सहकाऱ्यांनी तीन शहरांची तुलना प्रसिद्ध केली. प्रत्येक शहरातील सुमारे शंभर प्रसंगांची टिपणे तपासली होती. मेम्फिसमध्ये शेकडा ९५ प्रसंगी शिकविलेला मनुष्य घटनास्थळी पोहोचला होता. नॉक्सव्हिल शहरात, जेथे डॉक्टरी पथक बोलावण्याची रीत होती, शेकडा ४०. बर्मिंगहॅममध्ये शेकडा २८. अटकेचे प्रमाण मेम्फिसमध्ये शेकडा २, नॉक्सव्हिलमध्ये ५ आणि बर्मिंगहॅममध्ये १३. ह्या यशाचे श्रेय संशोधकांनी एकट्या शिक्षणाला दिले नाही. नकार न देणारी रुग्णालयाची जागा आणि गावातील संस्थांचा सहकार ह्यांवर त्यांनी बोट ठेवले.

पुढील हकीकत थोडक्यात आटोपण्यासारखी आहे, कारण ती सर्वत्र एकसारखी आहे. मेम्फिसची कीर्ती पसरली. अमेरिकेत अशा तुकड्या हजारोंनी निघाल्या. परंतु ४० तासांचा वर्ग काढणे स्वस्त असते आणि रुग्णालय बांधणे महाग. पुष्कळ शहरांनी पहिले घेतले, दुसरे सोडले. कित्येक ठिकाणी आपण होऊन येण्याची अटही गेली आणि साऱ्या शिपायांना सक्तीने बसविण्यात आले. सक्तीच्या तासाला मागील बाकांवर काय चालते हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. ह्यामुळे संशोधनाचा निकालही दुहेरी लागतो. शिक्षण घेतलेल्या शिपायांचे ज्ञान वाढते, मनातील भीती व तुच्छता कमी होते, हे पुन:पुन्हा दिसून आले आहे. परंतु अटक, बळाचा वापर आणि मृत्यू ह्यांत निश्चित घट होते असे सर्व ठिकाणच्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. 'वॉशिंग्टन पोस्ट' ह्या पत्राने २०१५ पासून दहा वर्षे पोलिसांच्या गोळीने मेलेल्यांची नोंद ठेवली. त्यांत सुमारे एक-पंचमांश माणसांना मनाचा आजार असल्याचे माहीत होते.

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क संस्थानातील रॉचेस्टर गावी घडलेला प्रसंग ह्या संदर्भात विसरता येत नाही. भ्रमाचा झटका आलेल्या एका माणसाला संध्याकाळी रुग्णालयात नेले होते. काही तासांतच त्याला सोडून देण्यात आले. मध्यरात्रीनंतर तो बर्फात उघडानागडा धावू लागला, तेव्हा भावाने मदतीसाठी पोलिसांना कळविले. पोलिसांनी त्याच्या डोक्यावर बुरखा घालून त्याला जमिनीशी दाबून धरले. आठवड्याने तो मेला. लोकांचा रोष पोलिसांवर झाला आणि तो यथार्थच होता. पण त्या रात्री दोन दारे होती. पहिले दार उघडले होते, आणि काही तासांत ते उलट्या बाजूनेही उघडले, ह्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ह्यातूनच, मुळात पोलिसाने जावेच कशाला, असे म्हणणारा पक्ष निघाला. ऑरिगन संस्थानातील यूजीन शहरात १९८९ पासून एका दवाखान्याची गाडी, एक शुश्रूषक व एक समुपदेशक एवढ्यांनाच घेऊन, हत्याराशिवाय अशा हाकेला धावत असे. देशभर तिचे गुणगान झाले. आणि पैशाच्या ओढीने २०२५ साली त्या शहरात ती बंद पडली. इंग्लंडात हंबरसाइडच्या पोलिसांनी २०२० पासून, आणि लंडनच्या पोलिसांनी २०२३ पासून, जिवाला धोका अथवा गुन्हा नसेल तर अशा हाकेला न जाण्याचे धोरण धरले. तत्त्वत: ह्यात चूक काढता येत नाही. परंतु पोलीस येणार नाही एवढे ठरल्याने दुसरे कोणी येईलच असे होत नाही, आणि रात्री दोन वाजता रोग्याच्या आईला तत्त्व नको असते, माणूस हवा असतो. ह्या बाबतीत आम्ही जुन्या मताचे आहोत असे कोणी म्हटल्यास आमची हरकत नाही.

आता आमच्याकडे वळू. मेम्फिसच्या त्या तरुणाचा जीव गेला त्याच १९८७ साली आमच्या संसदेने १९१२ चा कायदा रद्द करणारा नवा कायदा केला. तो प्रत्यक्ष अंमलात यावयास १९९३ उजाडले. त्याच्याही जागी आलेला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचे शंभरावे कलम आमच्या मते प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाने वाचून ठेवण्याजोगे आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वत:ची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसाने आता पकडावयाचे नाही, आपल्या संरक्षणाखाली घ्यावयाचे आहे. कारण काय ते त्याला, अथवा ते समजण्याच्या स्थितीत तो नसल्यास त्याच्या नियोजित प्रतिनिधीला, सांगावयाचे. शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सार्वजनिक दवाखान्यात तपासणीसाठी न्यावयाचे. आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत वा तुरुंगात ठेवावयाचे नाही. १८५८ पासून चालत आलेला शिपाई, मॅजिस्ट्रेट, डॉक्टर हा क्रम येथे मोडला. तिसाव्या कलमाने पोलिसांना ह्या विषयाचे वेळोवेळी शिक्षण देण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. एकशे पंधराव्या कलमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचविले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तर तो जुना सरसकट गुन्हा उरलेलाच नाही. म्हणजे आडाच्या कठड्यावर चढलेला आमचा शेजारी त्या रात्री कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होऊ शकत होता. आज तो केवळ रोगी ठरेल.

शब्द उत्तम आहेत, ह्यात शंका नाही. मेम्फिसने जे कराराने केले ते आम्ही कायद्यात लिहिले. शिक्षणही लिहिले, दारही लिहिले. आम्हांस भीती वाटते ती एवढीच की, ह्यांतील शिक्षणाचा भाग आम्ही हौसेने पार पाडू. व्याख्यान होईल, पुष्पगुच्छ होईल, हजेरीपटावर सह्या होतील. परंतु तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्री अकरा वाजता आलेल्या शिपायाला 'आणा त्यास आत' असे म्हणणारा मनुष्य बसविणे, हा भाग कवायतीच्या मैदानावर शिकविता येत नाही, आणि त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही.

मघाशी अर्धी सोडलेली हकीकत आता पुरी करतो. चहा झाल्यावर हवालदार त्या तरुणास घेऊन दवाखान्यात गेला. सोबत आमचे वडील होते, त्यांच्याच तोंडून पुढचे ऐकलेले. दवाखान्यातील मनुष्य दार किलकिले करून म्हणाला, वेड्यांसाठी येथे सोय नाही, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणा आणि मोठ्या इस्पितळात न्या. "साहेब, मग आज रातीचं ह्याला मी नेऊ कुठं?" असे हवालदाराने विचारले. दार लागले. त्याने त्याला चौकीवर नेले, पण कोठडीत घातले नाही. बाहेरच्या बाकावर निजविले आणि स्वत: पायथ्याशी बसला. सकाळी शाळेस जाताना आम्ही चौकीवरून गेलो तेव्हा दोघे तसेच होते. हवालदार बशीत चहा ओतून त्याच्यापुढे धरीत होता. तिसऱ्या दिवशी हुकूम आला. एस.टी.च्या गाडीने त्या तरुणास नेले, सोबत हवालदारच होता. आई थांब्यापर्यंत आली होती. हवालदाराने त्या दिवशी धोतर-सदरा घातला होता. गणवेश त्याने पिशवीत घालून घेतला होता.